नळाचा दिवस

पाण्यासाठी भांडणाऱ्या आमच्या फोनवरच्या ग्रुपात म्होरक्या नव्हता, आणि त्याचाच आम्हाला लई माज होता. नाव सांगायचं नाय, फोटो टाकायचा नाय. कुणीतरी काही सुचवायचं, ज्याला पटेल त्यानं करून टाकायचं. पाणीपुरवठ्याच्या वेबसाइटवर एका सकाळी रिकाम्या हंड्याचं चित्र झळकलं, ते असंच. ते काम माझ्या दोस्ताचं. आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो, म्हणून मला ठाऊक. बाकी कुणालाच नाय.

मग एक नवा आला. भारी कामाचा माणूस! पोस्टर सांगा, पत्रक सांगा, हा तयार. दोस्तानं क्लासात विचारलं, "ये कौन है रे?" मी म्हणालो, "मियाँ, इथं कुणी कुणाला विचारायचं? मालक कोण आहे इथं?" अक्कल गहाण टाकली होती मी.

त्या नव्यानं कुणाचं नाव कधी विचारलंच नाय. रोज आपलं एवढंच, "आमचा नळ आजबी कोरडा. तुमच्याकडं आलं का?" आमच्या शहरात हा प्रश्न म्हणजे रामराम. सगळे उत्तर द्यायचे. दोस्तही लिहायचा, "आलं, आलं! मोटार लावतो, अम्मी ओरडतेय." इथं प्रत्येक भागाला पाणी सुटायचा दिवस वेगळा, वेळ वेगळी. चार-पाच खेपा टिपून ठेवल्या की गल्ली कळते. नाव लपवून आम्ही पत्ता वाटत बसलो होतो.

एक दिवस दोस्तानं "आलं, आलं!" टाकलं, आणि लगेच त्या नव्यानं लिहिलं, "हंड्याचं चित्र जबरा होतं. कुणाचं?" मी चेष्टेत उत्तर दिलं, "ज्याचं आहे, तो आत्ता हंडेच भरतोय."

पुढच्या नळाच्या दिवशी पोलीस आले. दोस्त पाइप हातात घेऊन दारातच उभा होता. त्यांनी विचारलं, "म्होरक्या कोण?" तो म्हणाला, "कुणीच नाही." "मग तूच," ते म्हणाले आणि घेऊन गेले. तासाभरात ग्रुप रिकामा झाला. वकील कुणी बघायचा, हे ठरवायलासुद्धा कुणी उरलं नाय. आणि मी तर फोनच बदलला. लाज वाटते, पण बदलला.

तो अजून आतच आहे. त्यांच्याकडं पाणी सुटलं की मी जातो, ड्रम भरून देतो. परवा त्याच्या अम्मीनं माझा हात धरला. "बेटा, उन लोगों में तू तो नई था ना?"

"नाय अम्मी," मी म्हणालो, आणि हंडा उचलून आत नेला.