सहा दिवसांचं तेल

नंदनवन वस्तीतल्या त्या बर्गरच्या दुकानासमोरून जाताना करपट तेलाचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. मी तिथे तळणीवर कामाला होतो, आणि एकदा आई उमरेडहून एसटीने माझ्यासाठी झुणका-भाकरीचा डबा घेऊन आली. स्वतःच्या दुकानातलं कधीच तोंडाला न लावणाऱ्या मालकाने तो उघडला आणि बोटं चाटत अर्धा संपवला. मग ऐटीत मला म्हणाला, "आईसाठी एक बर्गर बनव." तेल सहा दिवसांचं होतं, इतकं काळं की बुडालेला झारा दिसत नसे. त्यातच मी टिक्की तळली. आई कौतुकाने खात म्हणाली, "मस्त आहे गा, तू काहून नाही खाऊन राहिला?" मी म्हणालो, "भूक नाही." त्या हलकटाला मी आजही शिव्या घालतो, पण झारा माझ्या हातात होता.