सहीच्या आधी मुहूर्त

तुम्ही ऑफिसात करता तरी काय, असं कोणी विचारलं की वैजयंतीबाई म्हणायच्या, "दुसऱ्याचं लिहिलेलं वाचते." अठ्ठ्याण्णव सालचा अख्खा पावसाळा बाईंनी त्यातच घालवला.

बेलापूरला खाडीच्या पाण्याचा अभ्यास करणारं एक छोटं केंद्र होतं. परदेशातल्या कुणा प्राध्यापकानं भरती-ओहोटीचं गणित करणारं पॅकेज लिहून जगाला फुकट देऊन टाकलेलं, आतला कोड सगळा उघडा. केंद्राला ते हवं होतं. पण बाहेरचं काहीही मुख्य मशीनवर चढवायचं तर आधी कोणीतरी ओळ न् ओळ वाचून, यात धोका नाही, अशी सही द्यायची, असा नियम. आता हे कोणीतरी म्हणजे कोण, ते सांगायलाच नको. नऊ हजार ओळी! बाईंनी त्या जोडकागदावर छापून घेतल्या आणि पेन्सिल घेऊन बसल्या. मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला, घरी भाजी करपायला लागली.

बाईंचा जीव अडकला होता तो गंगारामच्या आकड्यांत. गंगाराम दिवाळे गावचा. रोज होडी घालून खाडीत पाच जागी पाण्याची उंची आणि खारेपणा टिपून आणायचा. अकरा वर्षं, गणपतीचे दिवस सोडले तर खाडा नाही. ते सगळे आकडे त्याच एका मुख्य मशीनवर होते. जुन्या वह्या जागा अडते म्हणून रद्दीत गेलेल्या. टेपचं यंत्र बिघडून सहा महिने झालेले. फ्लॉपीची खाच तर व्हायरसच्या धास्तीनं संचालक अरविंद सरांनी स्वतः कागद चिकटवून, वर सही ठोकून बंद केलेली. दुसरी प्रत काढायची तर काढायची कशावर?

चार हजार ओळी वाचायच्या राहिल्या होत्या आणि दसरा आला. मशीनला हार, कुंकू, पुढे नारळ. आरती झाली आणि अरविंद सर म्हणाले, "बाई, नावापुरतं चालू करून टाकू. सही मागाहून द्या."

"सर, वाचून व्हायचंय अजून."

"मग वाचा की. कोण नाही म्हणतंय?"

झालं. पॅकेज चालू झालं. नवीनच आलेल्या इंटरनेटच्या लायनीवरून बाहेरच्या कॉलेजांना ते वापरायलाही दिलं. पेढे वाटले. बाईंनी पेढा खाल्ला आणि पुन्हा पेन्सिल उचलली.

दहाव्या दिवशी भोक सापडलं. बाहेरून कोणी फाइल पाठवली की पॅकेज तिचं नाव न तपासता तसंच मशीनच्या हाती द्यायचं. त्या नावातच कोणी 'सगळं पुसून टाक' असा हुकूम घातला, तर मशीन तोही निमूटपणे पाळणार. बाई धावत सरांकडे गेल्या.

"दसऱ्याला सुरू केलेलं बंद करायचं? बरं दिसतं का ते? पुढच्या सोमवारी दिल्लीची माणसं बघायला येतायत," सर म्हणाले.

मग बाईंनी त्या प्राध्यापकालाच ई-मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भल्या माणसानं चूक सुधारली होती आणि पॅकेज वापरणाऱ्या सगळ्यांना जाहीर पत्र धाडलं होतं: भोक कुठं आहे, कसं सापडलं, आणि बाईंचे नावानिशी आभार. बाईंना इतकं बरं वाटलं! बारा वर्षांत इथं कोणी आभार मानले नव्हते. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. हे पत्र जगानं वाचलं. भोक कुठं ते आता जगाला ठाऊक. आणि इथं जुनंच चालू.

"सर, सुधारलेलं आजच बसवू."

"म्हणजे नवीन ना? मग त्याची आधी तपासणी. नियम तो नियम, बाई."

बाईंना हसायलाही त्राण नव्हतं. जागेवर येऊन त्यांनी मशीनची नोंद उघडली. सकाळी अकराला कुठूनशी एक फाइल आलेली, नाव भलतंच लांबलचक. नावात पुसायचा हुकूम होता. पाठवणाऱ्याची एका अक्षराची चूक झाली, म्हणून निभावलं. पुन्हा चूक करायला तो काय बसलाय होय?

बाई उठल्या. मशीनच्या मागं हात घालून लायनीची वायर उपटली, गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. सोमवारपर्यंत ती पर्स त्यांनी खांद्यावरून उतरवली नाही. सर ओरडले, मग समजावू लागले, मग बोलायचेच थांबले. दिल्लीची माणसं आली, बंद लायन बघून, चहा पिऊन गेली. संध्याकाळी मेमो आला: वरिष्ठांचा आदेश मोडला, उद्यापासून आवक-जावक विभाग. मशीनच्या खोलीची किल्ली जमा करावी.

किल्ली द्यायला निघाल्या तेव्हा दारात गंगाराम भेटला. चपराशाकडून त्याला सगळं कळलं होतं. मार्चमध्ये तो निवृत्त व्हायचा होता.

"ताई, माजी अकरा वर्सं हायेत ना आत?"

"आहेत, गंगारामभाऊ. सगळी आहेत."

"समदा तुमच्यावरी आला ना पन."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "आता मला काही वाचायचं नाहीये."

आणि तिथंच बाकावर बसून त्या रडल्या. गंगाराम शेजारी बसून राहिला.