बेपत्ता माणसाची आई

आमची आत्या शिवणकाम करते. तिच्या मुलाला वर्दीवाले घरातून उचलून घेऊन गेले, त्यालाही आता कैक वर्षं लोटली. तेव्हापासून तिच्याकडे गिऱ्हाइकं कमी आणि मानवी हक्कांचे अभ्यासकच जास्त येतात. प्रत्येकाला तीच गोष्ट पहिल्यापासून हवी असते. सुईत दोरा ओवता ओवता आत्या विचारते, "आखूड बाह्यांची सांगू की लांब?" नवखे गोंधळतात. मला तर या सगळ्यांचा वीट आलाय. आत्याला मात्र आता कंटाळायचाही कंटाळा येतो.

यंदा सुनेनं तोंड उघडलं. बस डेपोतला एक मेकॅनिक तिला लग्नाचं विचारत होता. पण कायद्याच्या लेखी तिचा नवरा ना जिवंत, ना मेलेला. त्याच्या मृत्यूचा दाखला निघाला तरच ती मोकळी होणार, आणि आत्याच्या सहीशिवाय तो निघत नव्हता.

हे कानावर जाताच त्या वर्दीवाल्यांवरचा खटला चालवणाऱ्या प्राध्यापक बाई धापा टाकत आल्या.

"काकू, सही करू नका. माणूस बेपत्ता आहे तोवर गुन्हा चालूच आहे, असं आंतरराष्ट्रीय कायदा मानतो. तो मेला असं तुम्हीच लिहून दिलंत, की गुन्हा जुना झाला. जुन्या गुन्ह्यांना इथे माफी आहे. ते सगळे सुटतील हो."

बाई खोटं बोलत नव्हत्या, हेच तर वाईट. आत्यानं कात्री खाली ठेवली.

"म्हणजे गुन्हा चालू राहावा म्हणून मी सुनेला डांबून ठेवू? मग त्यांच्यात नि माझ्यात फरक काय?"

"यावर आम्हा अभ्यासकांतही मतभेद आहेत," बाई पुटपुटल्या.

"तुमचे मतभेद मिटेस्तोवर पोरीचे केस पिकतील."

दुसऱ्या दिवशी आत्या, सून नि मी, अशा आम्ही तिघी दाखल्याच्या कचेरीत गेलो. आत्यानं सही केली. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "मृत्यूची तारीख?"

मागची रांग चुळबुळायला लागली. न राहवून मीच म्हटलं, "उचलून नेलं त्या दिवसाची घाला ना."

आत्या माझ्यावर डाफरली. "त्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी जिना उतरला. दार लावून घे म्हणाला मला."

मग ती कारकुनाकडे वळली. आवाजात काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"आजची लिहा. सकाळी मी घरातून निघाले, तोवर होता."