भाऊबीजेचा चुडा

मला ज्यानं पेवातून वर काढलं, त्या माणसानं दोन खून केलेले होते. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, मलाही होतं. ही गोष्ट कुठूनही सांगायला घेतली तरी शेवटी इथंच येऊन अडते, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझं माहेर उमरग्याकडचं आणि सासर धाराशिवकडच्या वाशीजवळच्या एका खेड्यातलं. लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं. मी तापट, त्यात कामाला चटपटीत असल्याचा तोरा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईचं काम सांगायच्या आधीच झालेलं असतंय, अन् झालेलं काम मला पुन्यांदा करावं लागतंय." त्यांचं काही फार चुकत नव्हतं.

निजामी गेली त्या साली, म्हणजे माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी, काही आठवडे इकडं कायदा असा राहिलाच नव्हता. कोण कुणावर कधी उलटेल याचा नेम नव्हता. आमच्या गावचा बांगडीवाला आणि त्याचा थोरला मुलगा बाजार करून परत येत होते. ओढ्याजवळ चार-पाच जणांनी त्यांना गाठलं. कुऱ्हाड चालवली ती एकानंच, आणि तो गावातलाच होता, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. त्यांच्याच हातच्या बांगड्या त्याच्या बायकोच्या हातात होत्या. मी नवी नवरी असताना ओढ्यावर धुणं धुताना माझ्या पायात हिरवी काच रुतली. शेजारची बाई ती काढताना हळूच म्हणाली, "त्या दोघांच्या टोपल्यातली हाय. अजूनबी निघतात." मग तिनं बाकीचं सांगितलं.

बांगडीवाल्याची बायको, आमची चाची, मागं राहिली. पदरात धाकटी लेक. ती गाव सोडून गेली नाही. टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि त्याच गल्ल्यांतून फिरू लागली. त्याच्या दारावरून मात्र ती कधी गेली नाही, एवढंच.

आता पेवाचं. आमच्या अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, तोंड एका माणसापुरतं आणि आतलं पोट मोठं. त्यात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, वर माती लिंपायची. वर्ष-दोन वर्षं दाणा टिकतो. पण उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. दिवसभर उघडं ठेवून मग दोरीनं कंदील आत सोडायचा. तो विझला तर थांबायचं, तेवला तर उतरायचं. हे आमच्याकडं लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

भाद्रपदात घरातली ज्वारी संपली, म्हणून सकाळी पेव उघडून ठेवलं. पुरुष रानात होते. आत्याबाईंनी मला कंदील सोडायला सांगितला आणि त्या टोपली आणायला घरात गेल्या. मी कंदील सोडला. तो विझला. आणि मला पहिल्यांदा काय आठवलं, तर सकाळी त्यात तेल घालायचं मी विसरले होते. तेल घालायचं काम माझं. आत्याबाईंनी विचारलं, "तेवतोय का?" बोलणी खायची नव्हती, म्हणून मी म्हटलं, "व्हय, तेवतोय." आणि कासरा धरून आत उतरले.

खाली ज्वारीवर पाय टेकले तेवढं आठवतं. उबट, कुबट वास आला, आणि पुढं काही नाही.

पुढचं सगळं मी आत्याबाईंच्या तोंडून ऐकलं. त्यांनी बोंब मारली. तो रस्त्यानं कडब्याचा भारा घेऊन चालला होता. भारा टाकून धावत आला, मुंडासं नाकातोंडावर आवळलं, आणि सरळ आत उडी टाकली. माझ्या काखेखालून कासरा बांधला. आत्याबाई आणि धावून आलेल्या दोन बायकांनी वरून ओढलं, त्यानं खालून खांद्यानं रेटलं. मी वर आले तरी तो आतच. त्याला काढेपर्यंत तो काळानिळा पडला होता. उलटी करून भिंतीला टेकून बसला आणि विचारता झाला, "हाय का?" मी होते.

त्या दिवसापासून गावाची भाषाच पालटली. ज्याच्या वाटेला जाऊ नये असं मला सांगितलं होतं, त्याला आता पारावर जागा मिळू लागली. मला सख्खा भाऊ नव्हता. आत्याबाईंनी ठरवूनच टाकलं, दिवाळीत भाऊबीजेला त्याला ओवाळायचं. मी ताडकन म्हटलं, "मी न्हाय ओवाळणार." त्यांनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला ओसरीवर बोलावलं. फार कमी बोलणारा माणूस. समोर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, त्यानं काय केलं ते म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलंय. ओढ्याच्या वरच्या अंगाला माझी बैलं होती. धाराशिवला कोरटात मला उभं केलं. म्या म्हनलं, म्या रानात होतो, मला काय म्हाईत न्हाय. दुसरा साक्षीदारच नव्हता. तो सुटला." चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसली लाज नव्हती, उलट बऱ्याच वर्षांचं ओझं उतरल्यासारखं काहीतरी होतं. "लई वर्सं मनाला खात होतं. आता कळलं देवानं तसं का बोलाया लावलं. म्या खरं बोललो असतो तर तो जेलात असता. अन् तू पेवात."

ते समाधानानं उठून गेले. मी तिथंच बसून राहिले. मामंजींचं ओझं उतरलं होतं ते माझ्या डोक्यावर, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चाचीच्या नवऱ्याला आणि मुलाला न्याय मिळाला असता तर मी मेले असते. मी जिवंत, कारण आमच्याच घरच्या माणसानं तिचा न्याय बुडवला. यात माझं काय चुकलं, असं मी मला पुष्कळदा बजावलं. काही चुकलं नव्हतं. पण त्यानं मन शांत झालं नाही, आजही होत नाही.

भाऊबीजेला मी ओवाळलं. त्यानं मान वर केली नाही. मी रागानंच विचारलं, "दादा, तुमी उडी का टाकली? मराया झालं होतं तुमाला."

तो म्हणाला, "आत कोन हाय ते म्या इचारलंच न्हाय."

आणि ओढ्याकाठच्या त्या दोघांना तू नावानं ओळखत होतास, असं माझ्या ओठांवर आलं. मी गिळून टाकलं. मला त्याची चीड यायची होती, आणि समोर दिसत होते त्याच्या खांद्यावरचे पेवाच्या दगडांनी सोललेले व्रण, अजून न पुसलेले. मला त्याची कीव आली, आणि त्याबद्दल स्वतःची लाज वाटली.

तबकात त्यानं काही टाकलं नाही. फडक्यात बांधलेली ज्वारी पुढं ठेवली. "चुडा भर, माझ्याकडनं," म्हणाला. भावाकडून भाऊबीजेला चोळी-बांगडी यायची ही आमची रीतच, आणि तेव्हा बांगड्या ज्वारीवरच मिळत. भावाचा चुडा नाकारणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. आत्याबाईंनी फडकं उचलून माझ्या पदरात घातलं. आणि गावात बांगड्या भरणारी एकच होती.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी चाचीच आमच्या दारात टोपलं उतरवून बसली. आत्याबाई घरात होत्या. मी फडक्यातली ज्वारी तिच्या सुपात ओतली आणि हात पुढं केला. तिचा हात मऊ होता. बोटं दाबून, अंगठा आत वळवून ती एकेक बांगडी चढवायची, दुखायचं नाही. हिरव्या बांगड्या. ओढ्यात रुतलेल्या काचेचाच रंग, पण तेव्हा सगळ्यांच्याच बांगड्या हिरव्या असत.

आमच्या चाचीची एक पद्धत होती. चुडा भरून झाला, आपण वाकून नमस्कार केला, की ज्यानं चुडा भरवला त्याचं नाव घेऊन ती दुवा द्यायची. नाव माहीत नसलं तर विचारून घ्यायची. मी नमस्काराला वाकले. तिनं विचारलं, "किसका नाम लूं, बेटी? कोनाकडनं हाय चुडा?"

तिला ठाऊक नसेल असं मला वाटलं नाही. एवढंसं गाव. पण तिच्या तोंडून त्याच्यासाठी दुवा निघावी हे मला सहन होईना. मी घाईघाईनं म्हटलं, "मामंजींनी दिलाय."

चाचीचा हात माझ्या डोक्यावर यायला निघाला होता, तो मध्येच थांबला.

"त्येंची बी नको," ती म्हणाली.

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. कुऱ्हाड चालवणारा आणि न पाहिल्याचं सांगणारा, दोघांना तिनं इतकी वर्षं शेजारी-शेजारी ठेवलं होतं, हे मला त्या तीन शब्दांत कळलं. मी तशीच वाकलेली. तिनं सूप उचललं, सगळी ज्वारी माझ्या पदरात परत ओतली, आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"माझ्याकडनं घाल," म्हणाली. "जीती रह."

टोपलं डोक्यावर घेऊन ती उठली आणि पुढच्या दाराला गेली. तिला पाणीसुद्धा विचारायचं मला सुचलं नाही.

माझ्या पदरात ज्वारी पाहून आत्याबाईंना वाटलं, चाचीनं भाऊबीज म्हणून घेतलीच नाही. त्यांनी ती जात्यावर घेतली, मीही समोर बसून दळू लागले. नव्या बांगड्या जात्याच्या खुंट्यावर वाजत होत्या. एकही फुटली नाही. संध्याकाळी त्याच पिठाच्या भाकरी केल्या. मी मनाशी ठरवलं होतं की मी काही खाणार नाही.

पण मी दिवसभराची उपाशी होते. पहिला तुकडा मोडला, मग दुसरा. मामंजी समोर बसून जेवत होते, म्हणाले, "भाकर गोड हाय आज." गोडच होती. मी दोन खाल्ल्या.