बारशाआधीची लेकरं

नाटक मंडळीत मी तीस वर्षं राजे केले, दिवाण केले. पण भर दरबारात उभं राहावं तसा ताठ उभा राहणारा माणूस पाहिला तो आमच्या शिरपूरजवळच्या गावातला, भिवाजी कोतवाल.

गावातलं जन्म-मृत्यूचं बुक त्याच्याच काखेत असे. त्याची रीत ठरलेली. बारसं झालं की दुसऱ्या दिवशी दारात जायचं, नाव विचारायचं, गोल अक्षरात लिहायचं. बिननावाचं लेकरू बुकात जात नसे.

१९७४ साली विमलबाई नर्स तणतणत त्याच्याकडे आल्या.

"भिवाजीमामा, माही बदली करून राह्यले! साहेब म्हनते, तुमच्या गावात वर्षभरात एकबी तान्हं दगावलं नाई. तिथं नर्स कायले?"

"बराबर आहे. बुकात एकबी नाई."

"सहा तर माह्या हातावर गेले. लिहिले काहून नाई?"

"बारसंच नाई झालं, बाई. नावाशिवाय लिहू काय?"

"आन् तुमच्या भागिरथाचं?"

भिवाजीनं बुक काखेत मारलं. भागिरथा त्याची मुलगी. तिचं पहिलं लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं होतं, आणि आता तिला पुन्हा सातवा लागला होता.

तो घरी आला. भागिरथा ज्वारी निवडत होती. त्यानं तिला पहिल्या लेकराचा वार विचारला.

"ते आता कायले काढता, बाबा?"

"बाई गेल्या तर यंदा तुह्याजवळ कोन राहीन?"

तिचे हात थांबले. "लिहा मंग. पोरगा. तीन दिवस. रडला होता, हे बी लिहा."

"त्याले रकाना नाई, माय."

मग तो दारोदार फिरला. तान्हं गमावलेली तुळसाबाई ओरडली, "जित्ता होता तवा आला नाई, आता मोजाले आला का रे?" तो मान खाली घालून उभा राहिला. शिव्या संपल्यावर तिनंच लेकरू गेल्याचा वार सांगितला. वर्षातली अकरा लेकरं निघाली. त्यानं ती बिननावाचीच बुकात लिहिली.

बुक तालुक्याला गेलं. विमलबाईंची बदली थांबली. भिवाजीकडे मात्र तालुक्यानं लेखी खुलासा मागितला: अकरा नोंदी उशिरा का?

त्यानं लिहिलेला कागद मी स्वतः वाचला आहे. पल्लेदार भाषणं पाठ करण्यात जन्म गेला माझा, पण असं एकही बोललो नाही.

"बारशाच्या आधीबी लेकरू मोजावं लागते, हे मले मालूम नव्हतं. चूक माही आहे. नर्सबाईची नाई."