पावण्यांसाठी घासलेला पूल

आमच्या ओढ्यावर रेल्वेचा लाकडी पूल आहे. गुळाच्या गोदामाकडं जाणारा फाटा कधीच बंद पडला, रूळ उचलून नेले, पूल तेवढा राहिला. पलीकडं आमचा गोठा. माझे वडील, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणते, रोज सकाळी पुलावरून गोठ्यात जातात. धारा काढायला माणूस ठेवलाय, पण म्हशींशी दोन शब्द बोलल्याशिवाय आण्णांच्या घशाखाली चहा उतरत नाही.

गेल्या वर्षी पूल धोकादायक ठरवून पाडायचं निघालं. नवा होणार तो पार हमरस्त्याला. तेवढा वळसा घालणं आण्णांच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. मी शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाले तरी जीभ निवृत्त झाली नव्हती. कचेरी कचेरीत जाऊन भांडले. सागवानी खांब आहेत, प्रत्येक सांध्यावर जुन्या सुतारांनी पटाशीनं खुणा कोरल्यात, कुठलं लाकूड कुठं बसवायचं त्याच्या. असा पूल या भागात दुसरा नाही. वारशाच्या यादीत आला तर पाडणं राहिलं बाजूला, उलट दुरुस्ती होईल. शेवटी पुण्याहून एक तज्ज्ञ बाई बघायला येणार असं ठरलं.

मी लेकीकडं सांगलीला निघाले होते. जाताना तालमीतल्या पोरांना एवढंच म्हटलं, "पावणं येणार हायत, पुलाकडं जरा बघा." कपाळ माझं! कोल्हापुरात हे असं मोघम सांगायचं नसतं.

परत आले ती थेट पाहुणीबरोबरच पुलावर. खांब लालभडक, कठडे चंदेरी. शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला जाणारी पोरं ग्राइंडर घेऊन आली होती आणि लोखंडी कास्टिंग घासावं तसा त्यांनी अख्खा पूल घासून वर रंग दिला होता.

"खुणा कुठं आहेत?" पाहुणीनं विचारलं. मी या सांध्याकडून त्या सांध्याकडं नुसती हात फिरवत राहिले.

"खाचा पडलेल्या जागोजागी," तालमीचा अध्यक्ष छाती काढून म्हणाला. तो माझाच जुना विद्यार्थी. "सगळ्या काढून टाकल्या की, बाई!"

पाहुणीनं नारळ घेतला, चहा घेतला, पोरांना नमस्कार केला. महिन्याभरानं कळवलं, मूळ स्वरूप शिल्लक नसल्यानं पूल यादीत घेता येत नाही.

माझं डोकं असलं तापलं! तशीच तालमीत गेले, एकेकाची हजेरी घ्यायचीच म्हणून. अध्यक्षानं पळत जाऊन खुर्ची आणली, फडक्यानं पुसली.

"बाई, आवडला न्हवं पावण्यांना पूल?"

त्याचं तोंड बघितलं आणि शिव्या द्यायच्या सोडून खुर्चीत बसले.

"आवडला," मी म्हणाले. "पण पाडणार हायत."

त्यानं हातातल्या फडक्याची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाला, "कठडा तर आण्णांसाठीच जास्त घासलेला, बाई. हातात कुसळं शिरायची त्यांच्या. आता म्हशींकडं जाणार कसं वो ते?"