टॅनरी रोडची पहिली पसंती

आमच्या गावातल्या पाच सरकारी प्राथमिक शाळांपैकी सर्वांत खालच्या नंबराची शाळा माझ्या मुलीला मिळाली, आणि ती मीच मागून घेतली. काळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, खाली सही ठोकून.

त्याचं असं झालं. आमच्या वेडरबर्नमध्ये ज्या गल्लीत घर, त्या गल्लीची शाळा. दुसरी हवी असेल तर एक अर्ज भरायचा. त्यावर पाच शाळांची नावं छापलेली, प्रत्येकीपुढे एक चौकोन, आणि चौकोनात पसंतीनुसार एक ते पाच आकडे लिहायचे. मी चीजच्या कारखान्यात चव तपासतो. आमच्याकडे ज्या लादीला पाच गुण ती थेट दुकानात, आणि जिला एक, ती वितळवून सँडविचच्या चकत्यांत. बावीस वर्षं माझं डोकं याच दिशेने चालत आलंय. मी 'हेरॉन रिज'पुढे मोठ्या प्रेमाने पाच लिहिले आणि 'टॅनरी रोड'पुढे नाक मुरडून एक.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. माझी बायको मॅरिबेथ स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्यांदा वाचू लागली. "'आपली पहिली पसंती, टॅनरी रोड प्राथमिक शाळा, मान्य करताना आम्हाला आनंद होत आहे.'" मग चष्मा काढून तिने माझ्याकडे पाहिलं. "क्लेटन, त्यांना आनंद होतोय. तुला होतोय का?"

मंजुरी इतकी चटकन कशी मिळाली, तेही नंतर कळलं. त्या वर्षी टॅनरी रोडला पहिली पसंती देणारा अख्ख्या गावात मी एकटाच होतो.

बरं, मी हे काम निष्काळजीपणे केलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. मी चार महिने खपून तक्ता केला होता. सदतीस रकाने. एका शिक्षकामागे मुलं किती, ग्रंथालयात पुस्तकं किती, झोके किती, त्यातले करकरणारे किती. शाळांना दहापैकी गुण देणारी एक वेबसाइट आहे. आमच्याकडचे आईबाप हवामान बघावं तशी रोज सकाळी ती बघतात. तिच्यावर हेरॉन रिजला नऊ, आमच्या गल्लीच्या फेअरलॉनला सहा आणि टॅनरी रोडला चार.

एवढा आटापिटा कशासाठी, तर आमच्या हॅटीसाठी. पाच वर्षांची पोर. घरात पोपट, उंबऱ्याबाहेर दगड. दाताच्या डॉक्टरशी नाही, चर्चमधल्या बाईंशी नाही, सख्ख्या आजोबांशीसुद्धा दिवाणखान्यातच बोलणार, अंगणात नाही. चुकीच्या शाळेत पडली तर सहा वर्षं तोंड मिटून बसेल, या भीतीने मला घाम फुटायचा. बाकी सगळ्याची मी थट्टा करू शकतो, याची नाही.

सुटकेची एकच फट होती. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत शिक्षण कचेरीत जाऊन मंजुरी नाकारली, तर फेअरलॉनचे सहा आमचे. हेरॉन रिजचे नऊ मात्र या वर्षापुरते गेले ते गेले.

अशा वेळी माणूस शहाण्याकडे जातो. मी वर्ना कुशेलकडे गेलो.

वर्नाबाई शाळेच्या कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून देतात. वय अडुसष्ट, अंगात नारिंगी जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेला लाल फलक, आणि दोन्ही खिशांत स्वतः विणलेले लोकरीचे हातमोजे, विसरणाऱ्यांसाठी. सव्वीस वर्षांत जिथे माणूस कमी पडेल तिथे नगरपालिकेने त्यांना उभं केलं, त्यामुळे पाचही शाळांचे कोपरे त्यांच्या पायांखालून गेलेत. नवरा आयर्व्ह फरश्या बसवायचा. तो शनिवारी गेला, बुधवारी त्याला पुरलं, आणि गुरुवारी सकाळी बाई कोपऱ्यावर हजर. कोणी हळहळलं तर म्हणाल्या, "गाड्यांना कोण सांगणार होतं, की आज जरा सांभाळून?"

आमची ओळख जानेवारीत हेरॉन रिजच्या कोपऱ्यावर झाली. मी पॅड घेऊन झाडाआड उभा होतो. बाई तडक माझ्याकडे आल्या.

"काय चाललंय?"

"मुलं मोजतोय."

"हे दुसऱ्या कोणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "पोलिसांना तर मुळीच नको."

मी तक्ता दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि खिशातला हातमोजा काढून माझ्या निळ्या पडलेल्या बोटांवर चढवला. मग मी हटकून विचारलंच, की तुमच्या मते पाचांतली कुठली चांगली?

"मला काय ठाऊक, मी बाहेर उभी असते," त्या म्हणाल्या. "मला फक्त मोज्यांचं कळतं. इथे हेरॉन रिजला मोजे परत येत नाहीत. आई नवे घेऊन देते, माझे गाडीत मागच्या सीटखाली जातात. फेअरलॉनला परत येतात, सोबत आभाराचं कार्ड. छापील. टॅनरी रोडला धुऊन येतात, पण कधी कधी एकच."

"म्हणजे टॅनरी रोड चांगली?"

"एका मोज्याचं मी काय करू? आणि त्या शाळेचं छत गळतं. मागच्या वर्षी तीन मास्तरीणबाई सोडून गेल्या. हेरॉन रिजला शिकवतात झकास. तुझे नऊ खोटे नाहीत, बाबा."

मोज्यांसाठी मी अडतिसावा रकाना आखला होता. त्यात काय भरावं ते न कळल्याने तो कोराच राहिला.

तर शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, हॅटीला घेतलं आणि अडीचला टॅनरी रोडचा कोपरा गाठला. मार्चपासून वर्नाबाई तिथेच होत्या. नाकारण्याचं पत्र गाडीत, सही करून तयार. म्हटलं, शाळा सुटताना एकदा डोळ्यांनी बघू, बाईंचं मत घेऊ, आणि पावणेचारला कचेरीत.

"हा काय घोळ घातलास म्हणे?" बाईंनी स्वागत केलं. गावात बातमी गाडीपेक्षा जोरात पळते. "कारखान्यात तरी नीट काम करतोस का, की आम्ही तुझ्या भरवशावर भलतंच खातोय?"

"बाई, थट्टा पुरे. चार वाजेपर्यंत ठरवायचंय."

"मग ठरव की. मी कुठे धरून ठेवलंय?"

हॅटी माझ्या पँटला धरून मागे लपली होती. तिची नजर त्या लाल फलकावर खिळलेली. मग माझ्या गुडघ्यामागून, पाचोळा हलावा तसा आवाज आला, "ते जड आहे का?"

मी नोंद करायला खिशातून पेन काढलं.

"ते पेन आत ठेव," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या आणि फलकाचा दांडा हॅटीपुढे केला. "मला सकाळी हलकं लागतं, दुपारी जड. तू धर, तुला कसं लागतंय बघू."

हॅटीने दांडा दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात घंटा झाली. मुलं बाहेर आली, मागोमाग पावसाच्या पाण्याची बादली घेऊन मुख्याध्यापिका आल्या. बादली हिरवळीवर रिकामी करून त्यांनी आम्हाला हात केला. पुढचा दात पडलेली एक मुलगी हॅटीपाशी थांबली आणि काही न विचारता स्वतःच्या दाताची कथा सांगू लागली. सफरचंद, रक्त, आजी, रुमाल, सगळं तपशीलवार. हॅटी गप्प. मुलीला त्याचं काही नव्हतं. तिला श्रोता हवा होता, आणि असा श्रोता अख्ख्या तालुक्यात मिळाला नसता. दोन गाड्या गेल्या, तिसरी गेली, तिच्या आईने हाक मारली, तरी कथा संपेना.

ती गेल्यावर हॅटीने थेट वर्नाबाईंना विचारलं, "तिला दुसरा दात कधी येणार?"

"ऑगस्टपर्यंत यायला हवा, नवीन वर्षाची शाळा उघडते तेव्हा," बाई म्हणाल्या.

"मग मी ऑगस्टमध्ये बघीन."

मी घड्याळ पाहिलं. तीन पन्नास. कचेरी वीस मिनिटांवर. मी अजून निघालो का नाही, हे स्वतःलाच विचारलं, तेव्हा लक्षात आलं की मघापासून मी निघण्याचा प्रयत्नच केला नव्हता. पत्र गाडीत तसंच पडून होतं. मॅरिबेथ चर्चच्या सभागृहात, दर शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाच्या रांगेत आमची वाट बघत असणार, आणि तिला सांगायला माझ्याजवळ एकही आकडा नव्हता.

निदान एखादं भक्कम कारण तरी हवं. तेव्हा आठवलं, की बाईंची तिन्ही मुलं टॅनरी रोडलाच शिकली. एक दातांच्या दवाखान्यात, एक छपरं घालतो, आणि एक 'अ‍ॅरिझोनात असतो', याच्यापुढे त्या काही सांगत नाहीत. माझ्यासारख्याने चार महिने डोकं फोडलं, तर या बाईने केवढा विचार केला असेल. मी हळूच पेन पुन्हा बाहेर काढलं.

"बाई, एक शेवटचं. एवढ्या पाच शाळा होत्या. तुम्ही नेमकी हीच का निवडलीत?"

वर्नाबाईंनी हॅटीकडून फलक घेऊन काखेत मारला, जेवणाचा डबा उचलला आणि म्हणाल्या, "तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती."